पाचशेच्या नोटेचं नॉटपेड पाकीट

माझ्याकडे येणाऱ्या दहा माणसांतली नऊ माणसं सातशे शहाऐंशी आकड्याची नोट घेऊन येतात. मोबाईलवरच्या व्हिडिओत कोट घातलेला कुणीतरी त्यांना सांगतो की या नोटेचे पाच लाख मिळतात. मग नोट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात आणि रुमाल आतल्या खिशात असा बंदोबस्त करून ही माणसं माझ्या दारात उभी राहतात. मी पाणी देते, नोट बघते आणि सांगते की हिचा भाव हिच्यावरच छापलेला आहे. त्यावर ती माझ्याकडे अशी बघतात की जणू त्यांचे पाच लाख मीच खाल्ले.

मी निवृत्त शिक्षिका. संगमनेरात भूगोल शिकवण्यात नोकरी सरली आणि नोकरीतून उरलेला वेळ टपालाची जुनी पाकिटं जमवण्यात गेला. नुसती तिकिटं नव्हेत, अख्खी पाकिटं. पाकीट कुठून निघालं, वाटेत कुठं अडलं, कुणी त्यावर काय खरडलं, हे सगळं त्याच्या अंगावर उमटलेलं असतं. ते वाचायला लागले की मला भाजी करपल्याचा वासही येत नाही. माझे यजमान दूध संघातून निवृत्त झालेले. ते म्हणतात, हा आजार आहे आणि यावर सरकारी दवाखान्यात औषध मिळत नाही.

भाव मी फुकट सांगते. नियम एकच, ज्या वस्तूचा भाव मी सांगेन ती मी विकत घ्यायची नाही. स्वतःला हव्या असलेल्या वस्तूचा भाव सांगताना जीभ आपोआप कमी आकड्याकडे वळते, हे मला माझ्याच अनुभवावरून माहीत आहे. तो अनुभव मी इथं सांगणार नाही.

त्या दिवशी फेब्रुवारीतलं ऊन चांगलंच चढलं होतं. यजमान जेवून आडवे झाले होते आणि मी ओट्यावर मटार सोलत बसले होते. फाटकाशी एक बाई आली. पन्नाशीची, काटक, खांद्याला कापडी पिशवी.

"पाकिटावाल्या बाई तुमीच का?"

मी म्हटलं, हो. मनात म्हटलं, आली सातशे शहाऐंशी.

आणि खरंच तीच निघाली. पण ती नोट जिथं होती ते ऐकून मी मटाराची परात खाली ठेवली.

बाई पुणतांब्याजवळच्या एका वस्तीवरून आली होती. राहात्याहून लोणीमार्गे एसटी, आणि सगळ्या वाटेवर उसाचे ट्रॅक्टर, त्यामुळे निघाली सकाळी आणि पोहोचली दुपारी. माहेर तिसगावच्या पलीकडे एका वाडीत. आई दिवाळीच्या आधी गेली. आईची पेटी उघडली तेव्हा लुगड्यांच्या खाली एक पाकीट सापडलं. पाकिटावर हिचं नाव, हिचा पत्ता, आणि तिकीट लावतात त्या कोपऱ्यात तिकिटाऐवजी चिकटवलेली जुनी पाचशेची नोट. नोटाबंदीत गेलेली ती.

"आईचं टाकायचं राहून गेलं आसंल," ती म्हणाली. "पन भावाला नंबर दिसला. त्याच्या मोबाईलवर एक मानूस हाय. तो म्हनतोय, नोट पान्यात भिजवून सोडवा आन् फोटू पाठवा. उद्या सकाळी भाऊ यायचाय माझ्याकडं. नोट काढून न्हेनार हाय."

"मग तुमचं काय म्हणणं आहे?"

"मला ते हाय तसंच ठेवायचंय, बाई. आईच्या हातचं हाय. पन मी नुसतं म्हनून तो ऐकनार न्हाई. नोटंपरीस पाकिटालाच जादा किंमत हाय, आसं कुनी जानकारानं सांगितलं तर ऐकंल."

म्हणजे मला पाकिटाचा भाव करायचा होता आणि तो नोटेपेक्षा वर निघायला हवा होता. मी हात धुतले, कोरडे केले, टेबलावर पांढरा कागद अंथरला, भिंग काढलं. तिनं पिशवीतून आधी एक उपरणं काढलं, उपरण्यातून एक वही, आणि वहीच्या मधल्या पानातून पाकीट.

मी भिंग पाकिटावर धरलं.

नोटा चिकटवलेली पाकिटं मी आधी पाहिलेली होती. नोटाबंदीनंतर शहरातल्या काही हौशी लोकांनी तो उद्योग केला. जुनी नोट लावायची, शेजारी मुकाट्यानं खरं तिकीट लावायचं, ओळखीच्या माणसाकडून सुबक शिक्का मारून घ्यायचा आणि दुर्मिळ म्हणून विकायचं. तसली तीन माझ्याकडे पडून आहेत. तिन्ही मिळून चहा आणि खारी येईल. मी हे पाकीट हातात घेतलं ते खोड काढायच्या तयारीनंच.

एकही खोड सापडेना.

पाकीट लग्नपत्रिकेचं होतं. उलटं करून पुन्हा चिकटवलेलं, आतल्या बाजूनं छापलेला गणपती कागदातून पुसट दिसत होता. नोट तीनदा दुमडली होती आणि अशा बेतानं दुमडली होती की तिकिटावर चित्र असतं तसा चेहरा बरोबर वर यावा. त्याच्या बाजूला नंबराचे शेवटचे तीन आकडे उघडे राहिले होते, आणि तेच ते भावाचे सातशे शहाऐंशी. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ वापरली होती, कडेला तिचे पापुद्रे निघाले होते. दुसरं तिकीट कुठंच नव्हतं. मी पाकीट उजेडात तिरकं धरून खात्री केली. तिकीट लावून काढल्याची खूणही नव्हती.

आणि शिक्का. गावाचं नाव पुसट, वाचता येत नव्हतं, पण तारीख, महिना आणि वर्ष स्वच्छ. जानेवारी. जुन्या नोटा भरायची मुदत संपून पुरता पंधरवडाही झाला नव्हता. अर्धा शिक्का नोटेवर आणि अर्धा पाकिटावर, शाई सलग. म्हणजे नोट लावल्यावरच शिक्का पडलेला. खेड्यातल्या टपालात पत्रांचा गठ्ठा समोर घेऊन ठपाठप शिक्के मारतात. कोपऱ्यात काहीतरी रंगीत दिसलं आणि हात पडला, असं झालं असणार.

"अहो, उठा," मी आतल्या खोलीकडे बघून म्हटलं. "अहो, हे बघायला या."

यजमान डोळे चोळत आले. मी त्यांच्या हातात भिंग दिलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "पाचशेची नोट आहे. चालत नाही आता." आणि चहा ठेवायला गेले.

मी त्या बाईकडे वळले. माझा आवाज चढला होता, वर्गात चढायचा तसा. "ताई, हे टाकायचं राहून गेलेलं नाही. हे टपालात पडलंय. हा बघा शिक्का. आणि हे बघा, इथं, गोलात इंग्रजी टी. नगरला पत्रांची छाटणी करताना कुणाच्या तरी लक्षात आलं की हे तिकीट नाही. त्यानं टी मारला. म्हणजे पैसे न भरलेलं पत्र. नॉटपेड. ज्याला मिळेल त्यानं दुप्पट भरून सोडवायचं."

"म्हंजी आईनं धाडलं हुतं?"

"धाडलं होतं."

ती पाकिटाकडे बघत राहिली. मला तेव्हा थांबायला हवं होतं. पण थांबण्यासारखी माझी अवस्था नव्हती. मी विचारलं, आईनं नोट का लावली असेल, कुणाला माहीत आहे का? पाकीट खरं आहे हे पटवायला मागची गोष्ट लागते, आणि गोष्टीला पैसे मिळतात. तिनं भावाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"आक्के, नोट भिजवली का?" पलीकडून पहिलंच वाक्य.

"न्हाई. आरं, आईनं ती नोट का लावली, तुला ठावं हाय का?"

तो हसला. "डब्यात गावली हुती ना तिला, मुदत संपल्यावर. बँकेत गेली, बँक घेईना. किराणावाला घेईना. मग म्हनली, सरकारची नोट, सरकारचंच टपाल, ते तरी कसं न्हाई म्हनंल. लई हसलो आमी. मला वाटलं गंमत करतीय. तुझा पत्ता आन् खाली आपला, दुकानदाराकडून लिहून आनला तिनं." मग त्याचा आवाज बदलला. "बाईंना इचार, पाच लाख खरं का?"

मी फोन हातात घेतला. म्हटलं, पाच लाख खोटं. नोट पाण्यात घातली तर हातात लगदा येईल आणि तो माणूस आधी मागेल ती नोंदणीची फी जाईल ती वेगळीच. पण पाकीट शाबूत ठेवलंत तर त्याचा भाव मी तुम्हाला अर्ध्या तासात सांगते. तो "बरं" म्हणाला. त्याला ते पटलेलं नव्हतं, हे आवाजावरून कळलं.

पुण्याचा एक लिलाववाला माझ्या ओळखीचा आहे. त्याला मी पाकिटाच्या पुढच्या बाजूचा फोटो पाठवला. हा माणूस एरवी माझ्या संदेशाला दोन दिवसांनी उत्तर देतो. आज चहा गाळून होईपर्यंत त्याचाच फोन आला. त्यानं आधी विचारलं, शेजारी तिकीट नाही ना? नाही. शिक्का सलग? सलग. टी? आहे. मग त्यानं एक आकडा सांगितला. मी त्याला पुन्हा सांगायला लावला.

"किती म्हनला?" बाईनं विचारलं.

मला आकड्यापेक्षा सोपं काहीतरी सांगायचं होतं. म्हटलं, "ताई, बाजारात आज दुभती म्हैस केवढ्याला पडते?"

तिनं सांगितलं.

"तेवढे. नुसत्या नोटेचे मात्र भजी खाण्यापुरते."

ती हसली. आल्यापासून पहिल्यांदाच. यजमान कपबश्या घेऊन आले ते दारातच थबकले. म्हणाले, "म्हैस?" मी म्हटलं, "म्हैस." मग त्यांनी कपबश्या टेबलापासून लांब, खिडकीत नेऊन ठेवल्या. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या पाकिटांचा त्यांनी केलेला हा पहिला आदर. मला इतका आनंद झाला होता की मी खुर्चीत बसूच शकत नव्हते. कुठल्याशा आडवळणाच्या वाडीत एका म्हाताऱ्या बाईनं पिठाच्या खळीनं असं काही करून ठेवलं होतं की शहरातले सगळे हौशी एकत्र आले असते तरी त्यांना ते जमलं नसतं. कारण त्यांना माहीत होतं की ती नोट चालत नाही. हिनं ती मनापासून चालवली होती.

लिलाववाल्यानं विचारलं होतं, पाकीट उघडलेलं आहे का? नसेल तर उघडू नका, बंद पाकिटाला वेगळं गिऱ्हाईक असतं. मी ते तिला सांगितलं आणि पाकीट हलक्या हातानं उचललं. आतून बारीक खडखड आवाज आला.

"तिळगूळ हाय," ती म्हणाली. "दर संक्रांतीला धाडायची. लगीन झाल्यापासून एक साल चुकलं न्हाई. त्या साली मातूर आलं न्हाई. नोट गावली तवा मी फोनवर तिला लई बोलले हुते. म्हनलं, जुन्या नोटा हायेत का इचारत हुतो तवा का न्हाई सांगितलं, आता घाल चुलीत. मग संक्रांतीला पाकीट आलं न्हाई, मला वाटलं, रुसली. मी बी फोन केला न्हाई लई दिस. म्होरल्या साली बी न्हाई आलं. मग नंतर कधीच न्हाई."

मी "हं" म्हटलं. खरं सांगायचं तर मी अर्धंच ऐकत होते, कारण मी पाकीट उलटं केलं होतं आणि मागच्या बाजूला खजिना होता.

"अहो, इकडे शिक्के आहेत," मी म्हटलं. "तीन आहेत. ताई, हा तुमच्या टपालाचा पोहोचल्याचा शिक्का. म्हणजे पाकीट तुमच्या गावात आलं होतं. चार दिवसांत आलंय. आणि हे बॉलपेननं लिहिलेलं बघा, घाईतलं अक्षर आहे. घेण्यास नकार. खाली सही. असं पाकीट मी जन्मात पाहिलं नाही. पुढे नोट आणि मागे नकाराची नोंद, आणि परत गेलं. ताई, म्हशीबरोबर रेडकू पण आलं. याचा भाव..."

तिचा चेहरा बघून मी थांबले.

"कुनी नकार दिला?" तिनं विचारलं.

मी पाकीट पुन्हा सुलटं केलं. घेणाऱ्याच्या जागी एकच नाव होतं.

तिनं पदराचा काठ बोटात धरला. मग म्हणाली, "आमच्यात नॉटपेड घेत न्हाईत. सासऱ्यापासून हाय ते. मागं कुनीतरी निनावी चिठ्ठी धाडली हुती नॉटपेड, त्याच्यावरून घरात भांडनं झाली. तवापासून नॉटपेड आलं की बघायचं बी न्हाई, परत." ती अडखळली. "कांदे काढत हुतो आमी. पोस्टमन बांधावरून वराडला, नॉटपेड हाय, पैसं द्या. मी तिथूनच हात केला. परत धाडा म्हनलं. कुनाचं हाय, इचारलं बी न्हाई."

यजमान खिडकीपाशी उभे होते ते तसेच राहिले.

मला माझीच चीड आली. मी रेडकू म्हटलं होतं. पण चीड येऊनही माझे डोळे त्या पाकिटावरच होते, कारण अजून एक ओळ वाचायची राहिली होती. ती वाचावी की गप्प बसावं, हे मला कळेना. भाव सांगणाऱ्यानं वस्तूबद्दल कळलेलं सगळं सांगायचं असतं. मी पोरांना आयुष्यभर हेच सांगत आले, नकाशावर जे आहे ते सांगा, आवडलं नाही म्हणून नदी वळवू नका.

"ताई, खाली अजून एक शब्द आहे. 'वसूल.' परत गेलेलं नॉटपेड पाठवणाऱ्याला सोडवून घ्यावं लागतं. दुप्पट पैसे भरून."

"आईनं भरले?"

"भरले. चालणाऱ्या पैशांनी."

ती मोठ्यानं रडली नाही. नाकातून एकदा श्वास सोडला आणि म्हणाली, "मी नको म्हनले, आन् तिनं पैसं भरून माघारी घेतलं. आन् मला बोलली न्हाई." मग, "तिला वाटलं आसंल, मी रागानं परत धाडलं."

मी तिचा हात धरला. तिचा तळवा माझ्यापेक्षा दुप्पट रुंद आणि खरखरीत होता.

तेवढ्यात भावाचा फोन आला. अर्धा तास झाला होता. या वेळी तिनं आवाज मोठा केला नाही, पण तरी त्याचं बोलणं ऐकू येत होतं. किती, किती, असं तो विचारत होता. ती म्हणाली, "एका म्हशीचे येतात. पन इकायचं न्हाई." तिकडून आवाज चढला. ती ऐकत राहिली. मग एकदम शांतपणे म्हणाली, "आरं, मला तिळगूळ धाडला हुता तिनं. मी परत लावला. मला ठाऊकच न्हवतं." आणि तिनं त्याला सगळं सांगितलं, नॉटपेड, बांध, हात केलेला, वसूल. तिकडचा आवाज हळूहळू बंद पडला. शेवटी तो एवढंच म्हणाला, "ऱ्हाऊ दे मग. उद्या येतो, पन नोटंसाठी न्हाई."

तिनं फोन पिशवीत टाकला आणि पाकीट हातात घेतलं. ती ते उलटसुलट करत होती. बंद कडेवरून तिचा अंगठा फिरत होता. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "उघडलं की भाव कमी हुतो ना?"

होतो. लिलाववाल्यानं तसं सांगितलं होतं आणि मीही दहा मिनिटांपूर्वी तिला तेच बजावलं होतं. इतकी वर्षं मी कुणाला एखादं बंद पाकीट उघडू दिलेलं नाही. एकदा एका गृहस्थाच्या हातातून मी पाकीट अक्षरशः ओढून घेतलं होतं.

मी उठले आणि टेबलाच्या खणातून माझं पातळ पातं काढलं. "इकडून," मी म्हटलं, "डाव्या कडेनं कापा. शिक्क्याला लागणार नाही. थांबा, मी धरते."

मी पाकीट धरलं आणि तिनं कापलं. सावकाश, शिवण उसवावी तसं. मग आम्ही ते पांढऱ्या कागदावर उपडं केलं. आतून पाच-सहा तिळाच्या वड्या पडल्या, काळपट झालेल्या, तेल सुटून कागदाला डाग देणाऱ्या. बरोबर एक कागदाची पुडी. पुडीत हळद आणि कुंकू, एकमेकांत मिसळून विटकरी रंगाचं झालेलं. चिठ्ठी नव्हती. आईला लिहिता येत नव्हतं.

तिनं त्यातलं चिमूटभर कपाळाला लावलं. मग एक वडी उचलली. नऊ वर्षांची वडी, ती खाऊ नका असं मी म्हणणार होते, यजमानांनी माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड मिटलं.

"खवट झालीय," ती चावत म्हणाली, आणि दुसरी उचलली.